अनुदानाची यादी: सगळ्यांसाठी खुली की अर्ज केल्यावरच?

शेतीचे अनुदान कोणाला मिळाले हे सरकारने आपणहून नावानिशी जाहीर करावे, की कोणी अर्ज केला तरच सांगावे? पंचायतीच्या कामात असलेल्या एका मैत्रिणीला हा प्रश्न पडलाय.

गैरप्रकार पकडायला खुली यादी कधीही सरस. एकाच पत्त्यावर चार नावे किंवा मयत माणसाच्या नावावर रक्कम, हे गावकऱ्याच्या नजरेत लगेच भरते. अर्ज करायचा तर आधी संशय यावा लागतो.

खर्चात फारसा फरक नाही. यादी मात्र सतत अद्ययावत ठेवावी लागते.

खासगीपणात यादी लंगडी. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने वैयक्तिक शेतकऱ्यांची नावे सरसकट जाहीर करण्याचा नियम रद्द केला. किती रक्कम, किती काळ, असा भेदच त्यात नव्हता. पुढे नावे परत आली, पण १,२५० युरोपर्यंतची छोटी रक्कम घेणाऱ्यांची नावे झाकून. मला ही तडजोड पटते.

मोठ्या रकमा आणि कंपन्यांसाठी खुली यादीच हवी. तुटपुंज्या मदतीवर जगणाऱ्यांचे तपशील अर्जावर ठेवावेत, गावनिहाय बेरीज मात्र उघड असावी.