मानेतली नळी की हातातला फिस्टुला?

डायलिसिस अचानक सुरू करावं लागलं की मानेत नळी बसते. त्या दिवशी जीव तीच वाचवते. घोळ नंतर होतो. पुढे कातडीखालून नेलेली, जास्त दिवस ठेवायची नळी, म्हणजे परमकॅथ बसली की सुई टोचायची नाही, दुखायचं नाही. मग घरचेच म्हणतात, ‘आता फिस्टुलासाठी हाताचं ऑपरेशन कशाला?’ बघता बघता वर्ष निघून जातं.

डायलिसिस युनिटमध्ये काम करताना मला या नळीची धास्ती वाटते. मशीन लावून तास होत नाही तोच पेशंटला हुडहुडी भरते, दात वाजतात, दोन ब्लँकेटं घालूनही थांबत नाही. नळीतून जंतू थेट रक्तात गेलेले असतात. दुसरं नुकसान गुपचूप होतं: छातीतली मोठी शीर आतून आकसते, हात आणि चेहरा सुजतो. पुढे त्या बाजूला फिस्टुला करणंही अवघड होऊन बसतं.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडणं. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, आजही पहिली पसंती तिलाच. अंगात परकी वस्तू राहत नाही, त्यामुळे इन्फेक्शन कमी, रक्ताचा प्रवाह जोरदार, आणि खुशाल अंघोळ करता येते. पण तो तयार व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात, काहींचा तयारच होत नाही. आणि दर वेळी दोन जाड सुया. ती भीती खरी आहे, मी ती रोज बघते.

शिरा अगदी बारीक असतील तर ग्राफ्ट, म्हणजे हातातली धमनी आणि शीर कातडीखालच्या कृत्रिम नळीने जोडणं. दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो, पण फिस्टुलापेक्षा लवकर गुठळी धरतो.

हृदय फार कमजोर असेल, शिरा संपल्या असतील किंवा ट्रान्सप्लांटची तारीख अगदी जवळ असेल, तर परमकॅथच ठेवणं योग्य ठरू शकतं. बाकीच्यांनी नळी बसली त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे हाताच्या डॉपलरचा, म्हणजे शिरा-धमन्यांच्या सोनोग्राफीचा विषय काढावा. ज्या हाताने लिहीत नाही, तो हात राखून ठेवा: त्यात सलाईन नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टाही नाही.

ऑपरेशननंतर सकाळ-संध्याकाळ जोडावर बोटं ठेवा. मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. थांबली तर त्याच दिवशी सर्जन गाठा, उद्यावर टाकू नका. आणि फिस्टुलातून दोन सुयांवर काही डायलिसिस नीट पार पडली की नळी काढायची तारीख तुम्हीच मागा. नाहीतर ती तशीच राहून जाते.