बकल कॅरियर : बाळाला घेऊन घराबाहेर पडताना

बाळासाठी आमच्या घरात आलेल्या सामानापैकी दिलेला पैसा पुरेपूर वसूल करून देणारी एकच वस्तू सांगायची झाली, तर मी बाळाला अंगाशी बांधून नेण्याच्या, हातमागाच्या सुती कापडाच्या बकल कॅरियरचे नाव घेईन. रुंद बैठक, कमरेला बांधायचा जाड पट्टा, खांद्यावरचे दोन भरलेले पट्टे आणि ते अडकवायला प्लॅस्टिकची बकले एवढीच या वस्तूची रचना असते. आपल्याकडे आता अनेक लहान उत्पादक जवळपास याच रचनेची कॅरियर शिवतात, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या नाममुद्रेचे नसून या प्रकारचे आहे. खरा फरक पडतो तो कापडात, बैठकीच्या रुंदीत आणि शिवणीत.

कॅरियर म्हणून बाजारात जे विकले जाते ते सगळे सारखे नसते, हे आधी स्पष्ट करायला हवे. बाळाच्या जन्मानंतर एका नातेवाइकांनी प्रेमाने दिलेल्या कॅरियरची बैठक इतकी अरुंद होती की बाळाचा सगळा भार दोन मांड्यांच्या मधल्या पट्टीवर पडत असे आणि पाय सरळ खाली लोंबत. रुंद बैठकीच्या कॅरियरमध्ये कापड एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचते, गुडघे बैठकीपेक्षा थोडे वर राहतात, मांड्या फाकलेल्या आणि आधारलेल्या राहतात आणि पाठीला नैसर्गिक गोलाई मिळते. इंग्रजी एम अक्षरासारख्या दिसणाऱ्या या स्थितीत मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत नीट बसलेला राहतो. विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, खुब्याचा सांधा अजून कोवळा असताना, बाळाला बराच वेळ बांधून ठेवायचे असेल तर अशी बैठक आणि आपल्याकडे तोंड केलेली स्थितीच निवडावी. खोक्यावर बाळाचे तोंड पुढे करून हसणाऱ्या आईबाबांचे चित्र असते, पण त्या चित्राला भुलू नये.

आमच्या सासूबाईंनी कॅरियर प्रथम पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा जिवाची पाठ अजून धरलेली नाही. असं उभं टांगून ठेवलंस तर पाय फेंगडे होतील." अरुंद कॅरियर पाहून कुणालाही हेच वाटेल, आणि त्यांच्या म्हणण्यातली काळजी अगदी योग्य होती. त्यांना मी बाळाला रुंद कॅरियरमध्ये बसवून बाजूने दाखवले, तेव्हा बाळ उभे नसून उकिडवे बसल्यासारखे आहे हे त्यांनीच बोट ठेवून सांगितले. आपण बाळाला कडेवर घेतो तेव्हाही त्याचे पाय असेच आपल्या अंगाला वेढलेले असतात. त्यानंतर संध्याकाळी देवळात जाताना बाळाला बांधून देण्याची मागणी त्यांच्याकडूनच होऊ लागली.

वयाबाबत मात्र घाई करू नये. बकल कॅरियर खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते बाळ मान धरू लागल्यानंतर, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यापासून. त्याआधी मऊ लांब कापडाचा रॅप किंवा दोन कड्यांतून ओढून घट्ट करायचा रिंग स्लिंग बाळाच्या अंगाला अधिक नीट बसतो, अर्थात तो बांधण्याची पद्धत कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घेतली असेल तरच. मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यातले काहीही वापरू नये. कोणताही प्रकार घेतला तरी काही गोष्टी प्रत्येक वेळी पाहायच्याच असतात. बाळाचे तोंड आणि नाक आपल्याला मान खाली घातली की दिसले पाहिजे, त्याचे टाळू आपल्या ओठांना लागेल इतक्या उंचीवर ते असले पाहिजे आणि त्याच्या हनुवटी व छातीमध्ये आपली दोन बोटे सहज मावली पाहिजेत. हनुवटी छातीला टेकली की लहान बाळाची श्वासनलिका दबू शकते आणि अशा वेळी ते रडूनही सांगू शकत नाही. बाळ झोपी गेल्यावर ही तपासणी अधिक वेळा करावी लागते, कारण झोपेत अंग सैल पडून बाळ खाली घसरते.

रोजच्या वापरात कॅरियरने जे दिले ते म्हणजे दोन मोकळे हात. लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने, मंडईतली भाजीची पिशवी, बँकेतल्या रांगेत पुढे सरकवायची कागदपत्रे ही कामे एका हातावर बाळ तोलून करता येतात, पण फार काळ नाही. मंडईत बाबागाडी नेणे म्हणजे दर चार पावलांवर कुणाची तरी वाट अडवणे आहे, आणि पदपथ जिथे आहेत तिथेही त्यांवर दुचाक्या, खोदकामाची माती आणि उंच कडा असतात. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बाळाची जी किरकिर सुरू होते तिच्यावरही आमच्याकडे हाच उपाय लागू पडला. कामावरून आल्यावर बाळाचे बाबा हातपाय धुऊन कॅरियर बांधत आणि गॅलरीत फेऱ्या मारत, तेवढ्यात बाळ त्यांच्या छातीवर शांत होई. दूध पाजणे सोडले तर बाळाला जवळ घेऊन निजवण्याचे काम आईचेच असते ही समजूत या एका वस्तूमुळे घरात आपोआप मागे पडली, आणि माझ्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

स्वयंपाकघरात मात्र मी मर्यादा घालून घेतली आहे. भाजी निवडणे, डबे आवरणे, कपड्यांच्या घड्या घालणे ठीक आहे. गॅसपाशी बाळाला पुढे बांधून उभे राहू नये, फोडणीचे तेल कुठे उडेल ते सांगता येत नाही आणि बाळाचे हात आपल्या अंदाजापेक्षा लांब पोहोचतात.

घराबाहेरच्या सहलीत कॅरियरचा कस लागला तो माथेरानला. लहान बाळासोबतच्या पहिल्या मुक्कामासाठी हे ठिकाण मी कुणालाही सुचवेन, कारण तिथे खासगी मोटारींना बंदी आहे. साऱ्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि त्यापुढे सुमारे आठशे मीटर उंचीवरच्या या गावात हॉर्न नाही, धूर नाही, मागून भरधाव येणारे काही नाही. बाळाला घेऊन रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालता येणे हे शहरात राहणाऱ्या आईबाबांना किती दिवसांनी मिळते! नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून गावात जाणारी शटल गाडी मिळते. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान या दोन फुटी मार्गाचाच हा वरचा टप्पा आहे. आता ई-रिक्षाही आहेत. शटलचे डबे अगदी लहान असतात, बाकावर माणसाला माणूस खेटून बसतो, आणि अशा ठिकाणी बाळ अंगाला बांधलेले असले की एका हाताने खिडकीची दांडी धरता येते व दुसऱ्या हाताने सामान सांभाळता येते. शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, गर्दीत बाळ कंटाळते.

आमच्यासोबत आलेल्या एका कुटुंबाने बाबागाडी आणली होती. तांबड्या मातीच्या, मधूनच मुळे आणि दगड वर आलेल्या वाटांवर तिची चाके रुतू लागली आणि अखेर ती घडी घालून हातात वागवावी लागली. आमचे बाळ तेव्हा सात महिन्यांचे होते आणि वजन साडेसात किलोच्या आसपास. बाजारपेठेतून शार्लोट तलावाकडे आणि तिथून लुईझा पॉइंटकडे जाणारी वाट जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या दाट सावलीतून जाते. पानांतून उतरणारी उन्हाची तिरीप, झाडावरून झाडावर जाणारी माकडे आणि पायाखालच्या पाचोळ्याचा आवाज यांकडे बाळ कितीतरी वेळ मान वळवून वळवून पाहत राहिले, आणि मग अचानक माझ्या गळ्यापाशी गाल टेकून झोपी गेले. कॅरियरच्या वरच्या कडेला शिवलेली टोपी अशा वेळी वर ओढून खांद्याच्या पट्ट्याला अडकवता येते, त्यामुळे मान एका बाजूला कलत नाही. ती टोपी तोंडावर झाकण म्हणून मात्र वापरू नये. पॉइंटवर पोहोचल्यावर समोर प्रबळगडाचा डोंगर पाहत आम्ही कठड्यापासून बरेच मागे बसलो. खाऊची पिशवी उघडी धरायची नाही हा माथेरानचा नियम बाळ सोबत असताना दुप्पट कटाक्षाने पाळावा, कारण माकड थेट हातावर झडप घालते.

भार उचलण्याच्या बाबतीत रुंद कंबरपट्ट्याचे महत्त्व याच वाटेवर कळले. पट्टा पोटावर न बांधता कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकवून घट्ट आवळला की बहुतेक वजन कमरेवर आणि पायांवर येते, खांदे मोकळे राहतात. खांद्याचे पट्टे पाठीवर फुलीसारखे बांधता येणारे कॅरियर घेतले तर आई आणि बाबा यांच्या वेगवेगळ्या अंगकाठीला ते सहज जुळते. उतरणीवर मात्र एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती म्हणजे बाळ पुढे असताना स्वतःची पावले दिसत नाहीत. ओबडधोबड पायऱ्यांवरून उतरताना मी बाजूने, एकेक पाऊल चाचपत आणि सोबतच्या माणसाचा हात धरून उतरले. खाली पडलेली वस्तू उचलायची तर कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचे. बाळ आधाराविना बसू लागल्यावर त्याला पाठीवर घेता येते आणि चढ-उताराची ही अडचण बरीच कमी होते, परंतु पाठीवर चढवण्याचा सराव घरी पलंगाशेजारी, दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली झालेला असावा. घोड्यावर बाळाला बांधून बसण्याचा आग्रह माथेरानला कुणी केला तर स्पष्ट नकार द्यावा.

उकाड्याचा प्रश्न खरा आहे आणि इथे कापडाला पर्याय नाही. पॉलिएस्टरचे जाळीदार कॅरियर दिसायला हवेशीर वाटते, पण माझ्या अनुभवात त्यात बाळाचा घाम अंगावरच राहिला. विरळ विणीच्या सुती कापडात तो टिपला जातो. तरीही आपले अंग, कॅरियरचे कापड आणि बाळाचा स्वतःचा कपडा असे थर होतातच, म्हणून आत एकच पातळ झबले पुरते. बाळाच्या मानेला मागून हात लावून पाहावा, ती घामेजलेली लागली की लगेच बाहेर काढावे. मार्च ते मे या काळात दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान मी कॅरियर वापरतच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, आईचे दूधच अधिक वेळा पाजावे, आणि या कॅरियरमध्ये पट्टे सैल करून बाळाला थोडे खाली घेतल्यास ओढणीच्या आडोशाने ते पाजता येते. पाजून झाले की बाळाला परत मूळ उंचीवर आणून पट्टे आवळायला विसरू नये.

आता जिथे कॅरियर अजिबात वापरू नये त्याबद्दल. आपल्याकडे ते बांधून दुचाकीवर मागे बसणारे आईबाबा रोज दिसतात. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट लागते आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. बाळाचे कॅरियर म्हणजे तो सुरक्षा पट्टा नव्हे. मोटारीतही ते बाळाच्या आसनाची जागा घेऊ शकत नाही, कारण धक्का बसला तर आपल्या अंगाचा सगळा भार बाळावर येतो. नेरळपर्यंतच्या प्रवासात आमचे बाळ मागच्या सीटवर, मागे तोंड केलेल्या आसनात होते आणि कॅरियर डिकीत.

दोष सांगायचे तर पावसाळ्यात धुतलेले कॅरियर वाळता वाळत नाही. कापड सुकते, पण कंबरपट्ट्यातला फोम दोन दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास येतो. बाळ खांद्याचे पट्टे सतत चोखत असल्याने त्यांवर गुंडाळायची सुती आवरणे वेगळी घ्यावी म्हणजे पूर्ण कॅरियर वारंवार धुवावे लागत नाही. कंबरेला वेल्क्रो असलेला प्रकार टाळावा, निजलेल्या बाळाला उतरवताना त्याचा टर्रकन आवाज होऊन सगळी मेहनत वाया जाते. प्रवासातल्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात बाळ बांधून जाता येत नाही, त्यामुळे एकटीने लांबचा प्रवास करणाऱ्या आईची अडचण ही वस्तू पूर्णपणे सोडवत नाही. किंमतही थोडी नाही. चांगल्या सुती कॅरियरला चार-पाच हजारांच्या पुढे मोजावे लागतात.

एवढा खर्च करण्याआधी ओळखीतल्या कुणाचे दोन दिवस मागून आणून पाहावे, कारण काही बाळांना बांधून घेणे मुळीच आवडत नाही. जुने कायमचे घेणार असाल तर खांद्याचे पट्टे जिथे मुख्य कापडाला जोडलेले असतात तिथली शिवण उजेडात धरून बोटाने ओढून तपासा, आणि प्रत्येक बकल लावून जोरात ताण देऊन पाहा. उन्हात वर्षानुवर्षे वाळवलेले प्लॅस्टिक ठिसूळ होते. शिवण उसवलेली आढळली तर नेहमीच्या शिंप्याकडून टाके मारून घेऊन भागणार नाही. ते कॅरियर मूळ उत्पादकाकडे दुरुस्तीला पाठवावे, आणि तो ते करून देत नसेल तर ते बाळासाठी वापरू नये.