बेरियम टायटनेट आणि पीएमएन
बेरियम टायटनेट तापवलं की साधारण १२० अंश सेल्सिअसला त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो याचं माप, टोकदार शिखर गाठतो. लावलेल्या विद्युतक्षेत्राची वारंवारता बदलली तरी शिखर जागचं हलत नाही. लेड मॅग्नेशियम नायोबेटचं, म्हणजे पीएमएनचं, शिखर पसरट असतं, शून्याच्या थोडं खाली. वारंवारता वाढवली की ते जास्त तापमानाकडे सरकतं. मला खरं कुतूहल इथेच वाटतं. मॅग्नेशियम आणि नायोबियमचे आयन विस्कळीत बसल्याने ध्रुवीकरण सलग पसरत नाही, काही नॅनोमीटरच्या बेटांत अडकतं. थंड होताना ही बेटं मंदावतात, पण साध्या अऱ्हेनियस नियमाने, म्हणजे एकाच ठरावीक ऊर्जा-अडथळ्यानुसार, नव्हे. काचेसारखी, व्होगेल-फुल्चर सूत्राने, ज्यात हालचाल एका ठरावीक तापमानाकडे जाताना थांबते, आणि उणे ५० अंशांच्या आसपास गोठतात. रुंद तापमानपट्ट्यात भरपूर धारिता हवी तर पीएमएन उजवं. शिसं नकोच असेल, तर बेरियम टायटनेटमध्ये पुरेसं झिर्कोनियम मिसळूनही रिलॅक्सर, म्हणजे पीएमएनसारखा पसरट, सरकत्या शिखराचा पदार्थ, मिळतो.