निरामय विमा योजना: थेरपीच्या बिलांना मिळालेला आधार

माझ्या मुलाला ऑटिझम आहे. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी वर्षानुवर्षं चालणारी, म्हणून आमच्या खासगी पॉलिसीत क्लेम टाकला. उत्तर आलं, ‘ॲडमिट नाही, ओपीडी आहे, बसत नाही.’ अहो, स्पीच थेरपीसाठी मुलाला ॲडमिट कोण करतं?

मग केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना घेतली. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच ती आहे. वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, त्यात ओपीडी आणि नियमित थेरपीसुद्धा. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही. मूल जसं आहे तसं स्वीकारतात, हे मला पैशापेक्षाही मोलाचं वाटलं. दिव्यांग प्रमाणपत्र मात्र लागतंच.

कॅशलेस नाही, आधी आपण भरायचं, मग कागद पाठवायचे. थेरपीसाठीची मर्यादा वेगळी आणि लहान आहे, आठवड्याला दोन-तीन सेशन असली की पुरत नाही. ती वाढवायलाच हवी. डॉक्टरांची चिठ्ठी आणि थेरपिस्टच्या सही-शिक्क्याची तारीखवार बिलं एकाच फाइलीत ठेवा. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, तेवढं विसरू नका.