इनप आणि सरकारी नॅनोफॅब: यंत्रं मिळतात, तास जपून वापरा

नॅनोमीटरच्या आकृत्या इलेक्ट्रॉनच्या झोताने (ई-बीम) रेझिस्ट नावाच्या संवेदनशील लेपावर लिहितात. पीएमएमए या रेझिस्टला चौरस सेंटिमीटरमागे ५०० मायक्रोकूलॉम डोस (विद्युतभार) लागतो असं धरू. ई-बीमचा करंट १ नॅनोअँपिअर ठेवला, तर एक चौरस सेंटिमीटर सलग लिहायला पाच लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ सहा दिवस. तेच १०० मायक्रोमीटर बाजूच्या चौरसाचं काम ५० सेकंदांत उरकतं. मोठ्या संस्थांची यंत्रं बाहेरच्या संशोधकांना वापरू देणाऱ्या इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम, म्हणजे ‘इनप’, किंवा तशाच एखाद्या सामाईक सुविधेकडे प्रस्ताव पाठवण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. तिथे पैशांपेक्षा यंत्राचे तास दुर्मिळ असतात.

इनप २००८ साली केंद्र सरकारच्या निधीतून सुरू झाला. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही सुरुवातीची दोन केंद्रं. पुढच्या टप्प्यात दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटी इथल्या आयआयटीही आल्या. ज्या कॉलेजकडे क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) नाही आणि कधी होण्याची शक्यताही नाही, तिथल्या संशोधकाला आधी ओळखीची कार्यशाळा, मग प्रत्यक्ष यंत्रावर प्रशिक्षण, मग स्वतःचा प्रकल्प अशी चढती वाट मिळते. सेवा म्हणून ही रचना उत्तम आहे. कार्यशाळा वगळून थेट प्रकल्पावर उडी मारायचा मोह होतो, पण तो टाळलेलाच बरा.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट माहितीपत्रकात दिसत नाही. बंगळूरची १४,००० चौरस फुटांची क्लीनरूम फोटोत छान दिसते, पण कामाला येतात त्या तिथे आधीच बसवलेल्या रेसिपी, म्हणजे प्रत्येक पायरीची ठरलेली मापं. उदाहरणार्थ, एएलडीने (अणूंचा एकेक थर चढवण्याच्या पद्धतीने) अॅल्युमिना चढवायचा असेल तर दर सायकलला साधारण ०.१ नॅनोमीटर थर बसतो, म्हणजे २० नॅनोमीटरसाठी २०० सायकल. हे पुस्तकातही सापडतं. त्या विशिष्ट चेंबरमध्ये पर्ज (वायूने चेंबर साफ करणं) किती सेकंद द्यायचा, हे मात्र त्या यंत्राच्या इंजिनिअरलाच ठाऊक असतं. तेव्हा आपली पेपरमधली रेसिपी रेटण्यापेक्षा तिथली घ्यावी आणि गरज पडली तरच बदलावी.

आता घोळ कुठे होतो ते. पहिला घोळ सोन्याचा. ई-बीममध्ये दुसरा थर पहिल्यावर नेमका बसवायला अलाइनमेंट मार्क लागतात, आणि सोन्याचे मार्क ठळक दिसतात, कारण जड अणू इलेक्ट्रॉन जास्त परत फेकतो. म्हणून सोनं घातलं जातं. आणि मग तोच वेफर (सिलिकॉनची चकती) ऑक्सिडेशन फर्नेसच्या, म्हणजे ऑक्साइडचा थर चढवणाऱ्या भट्टीच्या, दारात अडतो. सोनं सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरतं, बँडगॅपच्या मधोमध ट्रॅप (विद्युतभार अडकवणाऱ्या जागा) तयार करतं, आणि एका वेफरमुळे फर्नेसची अख्खी नळी नासते. इथे इंजिनिअर खडूसपणा करत नाही, त्याचं बरोबरच आहे. उष्णतेच्या सगळ्या पायऱ्या सोन्याच्या आधी उरका, नाहीतर मार्क टंगस्टनचे करा किंवा सिलिकॉनमध्येच खोल एच करा, म्हणजे कोरा.

दुसरा घोळ लिफ्ट-ऑफचा, म्हणजे लिहिलेल्या रेझिस्टवर धातू चढवून मग रेझिस्ट विरघळवायचा, की नको असलेला धातू त्याच्याबरोबर सुटतो. पीएमएमए ९५० के ए४ साधारण ४,००० आरपीएमवर फिरवला की २०० नॅनोमीटरच्या आसपास थर मिळतो. हॉटप्लेटवर १८० अंश सेल्सिअसला ९० सेकंद बेक. एक्स्पोजरनंतर एमआयबीके आणि आयपीए या द्रावकांच्या १:३ मिश्रणात ६० सेकंद डेव्हलप, नुसत्या आयपीएत ३० सेकंद, मग नायट्रोजनने सुकवायचं. इथवर सहसा सगळं ठीक असतं. पुढे कुणीतरी स्पटरिंगचा (आयनांच्या माऱ्याने धातू उडवून चढवण्याचा) स्लॉट मोकळा दिसला म्हणून तोच घेतो. स्पटरिंगमध्ये धातू सगळ्या दिशांनी येतो, रेझिस्टच्या भिंतींवरही चढतो, आणि अॅसिटोनमध्ये रेझिस्ट विरघळल्यावर प्रत्येक रेघेच्या कडेला धातूचे कान उभे राहतात. धातूची वाफ सरळ रेषेत नेणाऱ्या इव्हॅपोरेटरचीच वाट बघावी. सोन्याखाली ५ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम हवं, आणि धातूची एकूण जाडी रेझिस्टच्या एक तृतीयांशाच्या आत. एक बारकावा फार महागात पडतो: सुटलेल्या धातूचे तुकडे पृष्ठभागावर तरंगत असताना नमुना अॅसिटोनमधून काढून सुकू दिला, तर ते तुकडे जिथे बसतील तिथेच कायमचे चिकटतात. त्यामुळे नमुना बाहेर काढतानाच त्यावर अॅसिटोनची धार सोडायची आणि ओला असतानाच आयपीएत टाकायचा.

मोठे कॉन्टॅक्ट पॅड (जोडणीसाठीचे धातूचे चौकोन) ई-बीमने काढणं ही निव्वळ उधळपट्टी. पॅड फोटोलिथोग्राफीने (प्रकाशाने छापून) आणि फक्त नॅनोमीटरचा भाग ई-बीमने, अशी विभागणी प्रस्तावातच दाखवली तर परीक्षकांना लगेच कळतं की माणसाला विषय कळतो.

यंत्र बंद असण्याची तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिचं मूळ निधीच्या रचनेत आहे. ई-बीमचा शॉटकी एमिटर (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) चोवीस तास तापलेला ठेवावा लागतो. तो साधारण वर्ष-दोन वर्षं चालतो, मग बदलावाच लागतो. क्लीनरूमची हवा रात्रीही फिरती ठेवावी लागते, ड्राय पंप आणि डीआय (आयनमुक्त) पाण्याचे फिल्टर झिजत राहतात. अनुदानात भांडवली खर्चाचा रकाना भरघोस असतो, आवर्ती खर्चाचा किरकोळ. वॉरंटी संपल्यावर देखभालीचा करार कोणत्या रकान्यातून करायचा, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वर्षी उभा राहतो, तोवर उद्घाटनाचे फोटो जुने झालेले असतात.

देशादेशांची स्पर्धा मोजताना मात्र एकूण आकडेच फेकले जातात. भारताने २००७ मध्ये नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये दिले, तर २०१४ मध्ये मंजूर झालेला दुसरा टप्पा ६५० कोटींचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रमाची सुरुवात २००१ या आर्थिक वर्षात ४६.४ कोटी डॉलरने झाली. युरोपने २०१३ मध्ये ग्राफीनसाठी दहा वर्षांचा एक अब्ज युरोंचा कार्यक्रम मांडला. शोधनिबंधांच्या संख्येत चीन आघाडीवर आहे. या आकड्यांवरून वापरकर्त्याला काहीच कळत नाही.

कळतं ते यातून: अमेरिकेने सामाईक सुविधांचं जाळं १९९४ पासून नाव बदलत चालू ठेवलं, आणि २०१५ मध्ये १६ केंद्रांना पाच वर्षांसाठी ८.१ कोटी डॉलर दिले. भागाकार केला तर केंद्रामागे वर्षाला जेमतेम दहा लाख डॉलर येतात. एवढ्यात नवी यंत्रं फारशी येत नाहीत. तो पैसा मुख्यतः माणसं आणि चालू खर्चासाठी होता, शिवाय वापरकर्ता तासाचं शुल्क भरतो. हे मॉडेल ज्याच्या खिशात अनुदान नाही त्याला जाचक आहे. अशा माणसाला इनपच बरा, निवडलेल्या प्रकल्पाचा भार तो कार्यक्रमच उचलतो. पण शुल्क देणारा ग्राहक असला की डाउनटाइमचा जाब विचारणारंही कुणीतरी असतं, हेही खरं.

जपानने २०१२ मध्ये सूक्ष्मरचना विश्लेषण, सूक्ष्म प्रक्रिया आणि पदार्थनिर्मिती असे तीन विभाग करून देशभरच्या संस्था जोडल्या, आणि २०२१ पासूनच्या पुढच्या कार्यक्रमात यंत्रांतून निघणारा डेटा सामाईक करण्यावर भर दिला. फसलेल्या रनचा डेटाही त्यात आला तर पुढच्याचा स्लॉट वाचेल. आपल्याकडे ही गोष्ट उचलण्यासारखी आहे, आणि तिला यंत्रखरेदी लागत नाही. चीनने सुझोऊमध्ये वाढ, प्रक्रिया आणि मोजमाप यांची यंत्रं अतिनिर्वात नळ्यांनी एकमेकांना जोडली आहेत, नमुन्याला हवाच लागत नाही. पृष्ठभागावर काम करणाऱ्याला याचा हेवा वाटणारच. साध्या ट्रान्झिस्टरसाठी मात्र त्याची गरज नाही.

तर इनप कोणासाठी? ज्याला पीएचडीचं एखादं डिव्हाइस-प्रकरण पूर्ण करायचं आहे, हाताशी वर्षभर आहे, त्याने जरूर अर्ज करावा. ठरलेल्या तारखेला पन्नास वेफर हवे असणाऱ्या कंपनीसाठी ही सेवा नाही. अर्जात सबस्ट्रेट (ज्यावर थर चढवायचे तो तुकडा), त्याचा आकार, प्रत्येक थराची जाडी, सर्वांत लहान रेघ आणि प्रत्येक पायरीचं तापमान लिहा. ‘नॅनोस्ट्रक्चर्ड सेन्सर तयार करणे’ एवढ्यावर कुणालाच तास देता येत नाहीत. एक सेंटिमीटरच्या तुकड्यावर रेझिस्टची कड जाड होते, तेव्हा कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडून डिझाइन मधोमध ठेवा. आणि पहिल्या स्लॉटला खरा नमुना लावू नका. त्याच थरांचा टाकाऊ तुकडा घ्या, ३०० ते ८०० मायक्रोकूलॉमपर्यंत ५०-५० च्या पायऱ्यांनी तीच रेघ अकरा वेळा लिहा, डेव्हलप करा, धातू चढवून लिफ्ट-ऑफपर्यंत न्या आणि मगच एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा. नुसत्या डेव्हलप केलेल्या रेझिस्टमध्ये सुबक दिसणारी रेघ लिफ्ट-ऑफमध्ये तुटलेली निघू शकते.