रिफायनान्स करताना अप्रेझल: सूट घ्यावी की घर मोजून घ्यावं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर ७.७९ टक्क्यांवर गेला होता. त्या सुमारास घर घेतलेली आमच्या मध्य न्यू जर्सीतली बरीच मंडळी आता रिफायनान्सच्या, म्हणजे जुनं कर्ज फेडून कमी दराचं नवं घेण्याच्या खटपटीत आहेत. लोन ऑफिसरचा फोन येतो आणि तो विचारतो, “तुम्हाला अप्रेझलमधून सूट मिळतेय, घेऊन टाकू ना?”

अप्रेझल म्हणजे लेंडरसाठी घराची किंमत ठरवून घेणं. हो म्हणण्याआधी उरलेल्या कर्जाला घराच्या किमतीने भागा. उत्तर ८० टक्क्यांच्या वर गेलं, तर नव्या कर्जातही पीएमआय मागे लागतो. पीएमआय म्हणजे तुम्ही हप्ते थकवलेत तर लेंडरचं नुकसान भरून देणारा, पण तुमच्या खिशातून भरायचा विमा. अप्रेझलचे चारपाचशे डॉलर वाचले की नाही, हा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे.

सूट कशी मिळते? लेंडर अर्जात घराची अंदाजे किंमत टाकतो. लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेची संगणक प्रणाली ती आपल्याकडच्या नोंदींशी ताडून पाहते आणि पटली तर तोच आकडा ग्राह्य धरते. याला ते ‘व्हॅल्यू अ‍ॅक्सेप्टन्स’ म्हणतात. फ्रेडी मॅक या तशाच दुसऱ्या संस्थेकडेही अशीच सोय आहे. घरी कोणी येत नाही, पैसे आणि दिवस वाचतात, आणि एका शनिवारी चार खोल्या आवरण्याचं संकट टळतं. कधीकधी मधला मार्ग सुचवला जातो: प्रशिक्षित माणूस येऊन मोजमापं आणि फोटो घेऊन जातो, पण किंमत ठरवत नाही.

ही सूट सरसकट मिळत नाही. दोन ते चार कुटुंबांचं घर, को-ऑप (सहकारी मालकीच्या इमारतीतलं घर) आणि १० लाख डॉलर किंवा त्याहून महाग घर फॅनी मेच्या नियमांत बसत नाही. वेस्ट विंडसरसारख्या गावात या शेवटच्या अटीवरच अनेकांचा पत्ता कापला जातो. राहतं घर असेल आणि फक्त दर कमी करून घ्यायचा असेल, तर कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत असलं तरी चालतं. वर रोख रक्कम काढायची असेल तर मर्यादा ७० वर येते. अप्रेझल करून घेतलं तर रोख काढतानाही ८० पर्यंत जाता येतं. म्हणजे मुलांच्या कॉलेजसाठी पैसे उचलणाऱ्याला बहुधा अप्रेझलवालाच बोलवावा लागेल.

पूर्ण अप्रेझलमध्ये अप्रेझर घरी येतो. तो तुम्ही निवडायचा नसतो आणि लोन ऑफिसरनेही नाही. किमतीवर कोणाचा दबाव नको म्हणून तशी व्यवस्था आहे, त्यामुळे नेमणूक बहुधा एका मधल्या कंपनीमार्फत होते. तो आसपासची विकली गेलेली किमान तीन घरं घेतो, शक्यतो गेल्या बारा महिन्यांतली, आणि तुमच्या घराशी तुलना करून फरक जमाखर्चात धरतो. टाउनशिपने टॅक्ससाठी लावलेली किंमत इथे चालत नाही. उलट बाजूने, “अप्रेझल केलं तर टॅक्स वाढेल” ही भीतीही विनाकारण आहे. रिपोर्ट लेंडरकडे जातो, टॅक्ससाठी किंमत लावणाऱ्या गावाच्या असेसरकडे नाही.

आमच्या रिफायनान्सचं घोडं अडलं ते बेसमेंटपाशी. बेसमेंट आम्ही हौसेने सजवलं होतं. गणपती तिथेच बसतो, एकांकिकेच्या तालमीही तिथेच होतात. रिपोर्टात राहण्याच्या क्षेत्रफळात त्यातला एक चौरस फूटही धरलेला नव्हता! फॅनी मेने एप्रिल २०२२ पासून मोजमापाची जी पद्धत सक्तीची केली, तिच्यात जमिनीच्या पातळीखाली थोडा जरी गेलेला मजला असला तरी तो वेगळ्या रकान्यात जातो, आणि त्याला भाव वरच्या मजल्यांपेक्षा बराच कमी मिळतो. परमिट न काढता काम केलेलं असेल तर पंचाईत आणखी वाढते.

आमचं उरलेलं कर्ज ५,२०,००० डॉलर होतं. घराला साडेसहा लाख भाव आला असता, तर बरोबर ८० टक्क्यांवर बसत होतो. आले ६,४०,०००, म्हणजे ८१.२५ टक्के. फेरविचाराचा अर्ज केला, शेजारच्या गल्लीतली ताजी विक्री दाखवली, तरी आकडा हलला नाही. (हा अर्ज एका रिपोर्टवर एकदाच करता येतो. रिपोर्टची प्रत लेंडरने क्लोजिंगच्या (कर्जाच्या कागदांवर अंतिम सह्या होण्याच्या) तीन कामकाजाच्या दिवस आधी द्यायलाच हवी. ती त्याच दिवशी वाचा.) शेवटी आठ हजार डॉलर पदरचे भरून कर्ज ५,१२,००० वर आणलं, तेव्हा पीएमआय सुटला. आणि आता सूट द्या म्हणायची सोय उरली नव्हती. एकदा त्या व्यवहारासाठी अप्रेझल झालं की तोच आकडा धरावा लागतो.

त्यामुळे माझं मत असं: यंत्राच्या अंदाजाने तुम्ही ८० च्या खाली जात असाल, तर सूट घ्या आणि घर मोजायला कोणाला आत घेऊ नका. यंत्राला तुमचं नवं स्वयंपाकघर किंवा वर वाढवलेली खोली ठाऊक नसते. असं काम परमिटसह झालेलं असेल आणि अंदाज रेषेच्या वर अडकला असेल, तर अप्रेझलचे पैसे सार्थकी लागू शकतात. फक्त बेसमेंटच्या भरवशावर मात्र करू नका.

फक्त पीएमआय घालवायचा असेल तर रिफायनान्सच कशाला? २०२१ च्या जानेवारीत सरासरी दर २.६५ टक्क्यांवर होता. तेव्हाचं कर्ज हातात असलेल्याने ते सोडणं म्हणजे वेडेपणाच. जुन्या सर्व्हिसरकडेच, म्हणजे हप्ते घेणाऱ्या कंपनीकडेच अर्ज करा. कर्ज फॅनी मेकडे असेल आणि दोन ते पाच वर्षं झाली असतील, तर आजच्या किमतीच्या ७५ टक्के, पाच वर्षांनंतर ८० टक्के, अशी अट आहे. हप्ते वेळेवर भरलेले हवेत. किंमत ठरवून घ्यायचा खर्च तुमचा, पण दर जुनाच राहतो.

एफएचए कर्ज (सरकारी विम्याचं गृहकर्ज) असलेल्यांना हा घोळ जवळपास नाहीच. त्यांच्या ‘स्ट्रीमलाइन’ रिफायनान्सला अप्रेझल लागत नाही. आधीच्या कर्जाचे सहा हप्ते भरलेले आणि क्लोजिंगला २१० दिवस झालेले असावेत. रोख मात्र ५०० डॉलरच्या पलीकडे हातात येत नाही.

कोणत्याही वाटेने गेलात तरी लोन ऑफिसरला आधी विचारा: “प्रणालीत किती किंमत टाकून पाहिलीत, आणि सूट मिळाली का?” तो अप्रेझल आधीच मागवू पाहत असेल तर त्याला थांबवा. लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचा अंदाज देणारा कागद, हातात येऊन तुम्ही पुढे जायचं आहे असं कळवेपर्यंत क्रेडिट रिपोर्टखेरीज कसलीही फी त्याला घेता येत नाही.