नो-कोड टोकन मेकर वापरून बघितला, पैसे नेमके कशाचे घेतात?

आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे त्यांचं काम होईल. कम्युनिटीसाठी टोकन, म्हणजे ब्लॉकचेन ह्या सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक वहीत नोंदलेले डिजिटल पॉइंट, काढायचं असेल तर "दोन मिनिटांत स्वतःचं कॉईन" वाल्या साइटला फी देऊ नका. गॅस, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रत्येक व्यवहाराची नेटवर्क फी, भरावाच लागतो, त्याला इलाज नाही, पण ह्या साइट्स वर जी फी लावतात ती ज्या कामाची घेतात ते काम फुकटात होतं आणि जे खरं डोकेदुखीचं काम आहे त्याला त्या हातच लावत नाहीत.

आमचा बुद्धिबळाच्या कोड्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे. कोणी चांगलं कोडं टाकलं, कोणी नवशिक्यांच्या डावांवर नीट टिपा लिहून दिल्या की त्याला पॉइंट मिळतात आणि हा सगळा हिशोब एका शीटमध्ये चालायचा, ती शीट कोण कधी एडिट करेल ह्याचा भरवसा नाही. मग कोणीतरी म्हणालं टोकन काढूया, नाव पण लगेच ठरलं, प्यादं. विकायचं नाही, एक्सचेंजवर न्यायचं नाही, फक्त कोणाकडे किती हे सगळ्यांना दिसलं पाहिजे आणि पुढच्या स्पर्धेचा विषय ठरवताना त्यावर मतदान करता आलं पाहिजे एवढंच. म्हणून एक साइट वापरून बघितली. नाव घेत नाही कारण तसल्या डझनभर आहेत आणि सगळ्यांचा फॉर्म जवळपास तोच.

फॉर्म दिसायला झकास, हे मान्य करायला पाहिजे. वॉलेट (आपली टोकन्स आणि चावी सांभाळणारं ॲप) जोडा, नाव, सिम्बॉल, सप्लाय (एकूण किती), डेसिमल्स (दशांशाची घरं) भरा, खाली मिंटेबल (नंतर नवीन टोकन काढता येणं), बर्नेबल (नष्ट करता येणं), पॉजेबल (सगळं थांबवता येणं), ब्लॅकलिस्ट (एखाद्याला अडवणं), ट्रान्सफर टॅक्स (पाठवताना कपात) असे टिक करायचे चौकोन आणि शेवटी मोठं बटण. मोबाइलवरून पण होतं. पण कशावर टिक केल्याने काय होणार हे सांगणारं एक वाक्य कुठे नाही आणि गंमत म्हणजे जेवढ्या टिक जास्त तेवढी फी जास्त, म्हणजे माणूस आपसूक समजतो की जास्त टिक म्हणजे भारी टोकन. असं काही नसतं बरं का. कम्युनिटीच्या टोकनला ट्रान्सफर टॅक्स कशाला पाहिजे? ब्लॅकलिस्ट तर त्याहून नको.

डेसिमल्सचं जरा नीट सांगतो कारण तिथेच मला पहिला झटका बसला. इथेरियम ह्या ब्लॉकचेनवरच्या टोकनचं जे स्टँडर्ड आहे, ईआरसी-२०, ते २०१५ च्या शेवटी फेबियन व्होगेलस्टेलरने मांडलं, प्रस्तावावर इथेरियमच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या व्हिटालिक ब्यूटेरिनचंही नाव आहे. त्यात काय आहे? एकूण किती, कोणाकडे किती, पाठव, दुसऱ्याला खर्चाची परवानगी दे, परवानगी किती ते सांग आणि त्या परवानगीवर पाठव. एवढी सहा फंक्शन्स सक्तीची, नाव, सिम्बॉल, डेसिमल्स तर ऐच्छिक. आत नाणंबिणं काही नसतं, पत्ता आणि त्यापुढे एक पूर्णांक, बस. दशांश दिसतो तो फक्त वॉलेट दाखवताना टिंब सरकवतं म्हणून, आणि सवयीने बहुतेक जण १८ डेसिमल्स ठेवतात कारण इथेरियमच्या स्वतःच्या चलनाचं, इथरचं, तसं आहे. आता आम्हाला प्यादं अख्खंच द्यायचंय, अर्ध्या प्याद्याचं करायचं काय, म्हणजे डेसिमल्स शून्य पाहिजेत. तर ह्या साइटवर साध्या प्लॅनमध्ये तो रकाना १८ वर लॉक! बदलायचा तर वरचा प्लॅन घ्या. एक आकडा बदलायचे पैसे.

तरी म्हटलं टेस्टनेटवर, म्हणजे खोट्या पैशांच्या सराव-नेटवर्कवर करून बघू, सेपोलियावर, तिथे इथर फॉसेटमधून, म्हणजे चाचणीचं इथर वाटणाऱ्या साइटवरून, फुकट मिळतं. टोकन झालं, खरंच दोन मिनिटांत झालं, मग एक्सप्लोररवर (चेनवरचं सगळं दाखवणारी साइट) जाऊन कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या कोडचा, टॅब उघडला. हे सगळ्यांनी करा, कोड येत नसला तरी करा. आम्ही ज्यावर टिक केलीच नव्हती त्या ब्लॅकलिस्टचा कोड आत तसाच होता, फक्त एका स्विचने बंद ठेवलेला आणि तो स्विच चालू करायचा अधिकार ओनरला. टॅक्सचंही तेच, आत्ता शून्य, पण बदलणारं फंक्शन हजर आणि त्याला वरची मर्यादा कुठे लिहिलेली नाही. म्हणजे सगळ्यांना एकच साचा देतात आणि टिक केल्यावर फक्त स्विच फिरवतात, त्याचे पैसे. ओनर मीच होतो म्हणून आमचं काही बिघडत नव्हतं, पण ग्रुपमधल्या एखाद्या जाणकाराने तो कोड वाचला असता तर त्याने मला पहिला प्रश्न हाच विचारला असता की हे दार उघडं कशाला ठेवलंयस, आणि त्यावर काय उत्तर देणार? २०२१ मध्ये ते स्क्विड टोकन गाजलं होतं आठवतंय का, लोकांना विकत घेता येत होतं पण विकता येत नव्हतं, किंमत चढत चढत गेली आणि एका फटक्यात शून्याला टेकली. तेव्हापासून लोक असल्या फंक्शन्सकडे संशयानेच बघतात आणि बरोबरच आहे. शिवाय सोर्स कोड एक्सप्लोररवर व्हेरिफाय करून देणं, म्हणजे चेनवर चालतोय तो हाच कोड हे दाखवून देणं, टेस्टनेटवर फुकट, पण मेननेटवर (खऱ्या नेटवर्कवर) परत वरच्या प्लॅनमध्ये. व्हेरिफाय नसेल तर लोकांना नुसता बाइटकोडचा, म्हणजे मशीनच्या भाषेचा, ढिगारा दिसणार, मग पारदर्शक हिशोबाच्या नावाने टोकन काढून उपयोग काय झाला.

सपोर्टला चॅटवर साधा प्रश्न विचारला की ओनरशिप एका माणसाच्या वॉलेटवर न ठेवता मल्टिसिगवर (अनेकांच्या सह्या लागणारं वॉलेट) कशी न्यायची. उत्तर आलं ते अपग्रेडच्या लिंकचं. आणि त्यांच्या ग्रुपमध्ये हाच प्रश्न टाकल्यावर लगेच एका "सपोर्ट एजंट"चा खासगी मेसेज, वॉलेट सिंक करायला सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेटच्या मूळ चावीचे, १२ शब्द द्या म्हणे. हा त्या कंपनीचा माणूस असेल असं मी म्हणत नाही, असले भुरटे सगळीकडे फिरतात, पण ग्रुपमध्ये त्याबद्दल एक पिन केलेला इशारा तरी असावा की नाही?

आता फुकटचा मार्ग. कॉन्ट्रॅक्टचा तयार कोड देणाऱ्या ओपनझेपेलिनचा कॉन्ट्रॅक्ट्स विझार्ड. तेच चौकोन, तशाच टिक, पण बाजूला कोड दिसतो आणि तुम्ही टिक केलीत की त्यात काय वाढलं ते तिथल्या तिथे दिसतं, टिक काढलीत की तेवढा भाग गायब. नको असलेलं काही आत राहतच नाही. मला सगळ्यात आवडलं ते हेच, कारण मिंटेबल म्हणजे काय हे वाचून समजण्यापेक्षा चार ओळी वाढताना बघून जास्त कळतं. मग एका बटणाने तोच कोड रिमिक्समध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या कोड एडिटरमध्ये, उघडतो, तिथे कंपाइल करायचं, मेटामास्क वॉलेट जोडायचं आणि डिप्लॉय, म्हणजे कोड चेनवर चढवायचा. रिमिक्स पहिल्यांदा बघून छाती दडपते हे खरं, डावीकडे आयकॉनच आयकॉन आणि कंपायलर व्हर्जन जुळलं नाही की लाल अक्षरांचा पाऊस, पण विझार्डच्या कोडवर पहिल्याच ओळींत व्हर्जन लिहिलेलं असतं ते बघून निवडलं की गाडी रुळावर येते. डेसिमल्सचा रकाना विझार्डमध्ये नाहीये, ते फंक्शन स्वतः ओव्हरराइड करून, म्हणजे त्याच्या जागी आपलं लिहून, शून्य द्यावं लागतं, छोटंसं काम आहे. आणि सुरुवातीचा सप्लाय तो कोड डेसिमल्सच्या हिशोबाने आपणच गुणून घेतो, त्यामुळे मोजून शून्य टाकत बसायची भानगड नाही. व्हेरिफाय पण रिमिक्समधून होतं. म्हणजे त्या साइटच्या वरच्या प्लॅनमधल्या जवळजवळ सगळ्याच गोष्टी इथे पहिल्यापासून फुकट आहेत. कोरी वही फुकट मिळत असताना तिच्यावर नाव घालून द्यायचे पैसे घेतात, दुसरं काय.

एक सावधगिरी, विझार्डमध्ये व्होट्सची पण टिक आहे आणि मतदान करायचंय म्हणून ती करायचा मोह होतो. त्यात मेंबरकडे नुसतं टोकन असून मत मोजलं जात नाही, आधी प्रत्येकाने एकदा डेलिगेट करावं लागतं, म्हणजे आपलं मत कोणाच्या तरी नावे करावं लागतं, स्वतःच्याच का होईना, आणि ते ट्रान्झॅक्शन म्हणजे परत गॅस. आमच्यासारख्यांना स्नॅपशॉट ही मतदानाची साइट बरी, मतदान ऑफ-चेन, म्हणजे ब्लॉकचेनबाहेर, वॉलेटने सही केली की झालं, गॅस नाही आणि साध्या बॅलन्सवर चालतं. डिस्कॉर्डच्या चॅट ग्रुपवर टोकन बघून रोल (मेंबरचे दर्जे) द्यायचे तर कोलॅब.लँड किंवा गिल्ड आहे.

चेन कुठली? इथेरियम मेननेट असल्या कामाला परवडत नाही. नुसतं इथर पाठवायला २१,००० गॅस लागतो, टोकन पाठवायला साधारण त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि तुम्ही तर शंभर जणांना वाटणार. इथेरियमच्या मार्च २०२४ च्या डेनकुन अपग्रेडनंतर बेस, आर्बिट्रम असल्या लेयर-टू (इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या) चेन एकदम स्वस्त झाल्या, तिथे करा. सोलाना ह्या दुसऱ्या ब्लॉकचेनचं मॉडेल वेगळं आहे, तिथे प्रत्येक टोकनसाठी नवीन कॉन्ट्रॅक्ट लिहायचा नसतो, तयार टोकन प्रोग्राम सगळ्यांना कॉमन, तुम्ही फक्त मिंट अकाउंट (आपल्या टोकनचं खातं) काढता, डेसिमल्स तेव्हाच ठरवता, मिंट आणि फ्रीझ अथॉरिटी (नवीन काढायचा आणि गोठवायचा अधिकार) कोणाकडे ते सांगता. लपवलेल्या फंक्शन्सची भीती त्यामुळे बरीच कमी, हे मला पटलं. पण म्हणून पंप.फन ह्या सोलानावरच्या टोकन साइटवर जाऊ नका, तिथे टोकन जन्मल्या क्षणापासून विकायलाच उभं असतं, कम्युनिटी पॉइंट्सची ती जागाच नाही.

आता जे कुठलीच साइट सांगत नाही ते. टोकन वाटलं, मेंबरच्या वॉलेटमध्ये आलं, पण त्याला ते दिसत नाही कारण कॉन्ट्रॅक्टचा पत्ता टाकून इम्पोर्ट करावं लागतं. बरं दिसलं, आता दुसऱ्याला द्यायचंय तर गॅससाठी त्या चेनचं इथर पाहिजे, ते त्याच्याकडे नाही. आमची टेस्टनेटवरची प्यादी बरेच दिवस अशीच जागच्या जागी अडकून पडली होती, बुद्धिबळवाल्यांनी त्यावर जेवढे जोक करायचे तेवढे करून घेतले. आणि नाव किंवा सिम्बॉल कोणाच्या मालकीचा नसतो, उद्या कोणीही प्यादं नावाचंच दुसरं टोकन काढू शकतो, खरं कुठलं ते फक्त पत्त्यावरून ठरतं. तो पत्ता ग्रुपमध्ये पिन करून ठेवा.

आणि चावी. नवीन टोकन मिंट करायचा अधिकार एका माणसाच्या फोनमधल्या वॉलेटकडे असेल तर त्या शीटमध्ये काय वाईट होतं? फोन गेला, माणूस रुसला, चावी चोरीला गेली, संपलं. २०२१ च्या मार्चमध्ये रोल नावाच्या सोशल टोकन प्लॅटफॉर्मच्या हॉट वॉलेटची (सतत ऑनलाइन असलेल्या वॉलेटची) चावी फुटली आणि तिथल्या कितीतरी क्रिएटर्सची टोकन्स चोराने बाजारात ओतली, क्रिएटर्सचा काही दोष नसताना भाव कोसळले. आम्ही सेफ नावाच्या सेवेवर पाचपैकी तीन सह्यांचं मल्टिसिग केलं आणि ओनरशिप तिकडे दिली, ह्याला पण सेफ स्वतः फी घेत नाही. त्या साइटवर मात्र "ओनरशिप सोडा" असं एक बटण आहे आणि ते दाबलं की विश्वासाचा हिरवा बॅज मिळतो. दर महिन्याला नवीन प्यादी द्यायची असतील तर ते बटण दाबून तुम्ही स्वतःचेच हात बांधून घेता, परत काही करता येत नाही.

पुढचं बटण असतं लिक्विडिटी पूलचं, म्हणजे ज्यातून टोकनची खरेदी-विक्री होते त्या साठ्याचं, ते तर बिलकुल नको. थोडंसं इथर आणि ढीगभर टोकन टाकून पूल केला की एका माणसाच्या खरेदीने किंमत वाटेल तशी उडते, आणि एकदा का समोर किंमत दिसायला लागली की कोड्यांची चर्चा बंद, भावाची सुरू. रेडिटने मे २०२० मध्ये कम्युनिटी पॉइंट्स आणले होते, मून्स, ब्रिक्स वगैरे, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मून्सचा भाव त्याच दिवशी गडगडला. पॉइंट म्हणून दिलेल्या गोष्टीत लोकांचे पैसे अडकले होते. तरी मून्स पब्लिक चेनवर होते म्हणून तिथल्या लोकांना ते रेडिटशिवाय पुढे चालवता तरी आले. रॅली ह्या क्रिएटर कॉईनच्या प्लॅटफॉर्मने २०२३ च्या जानेवारीअखेर स्वतःची साइडचेनच, म्हणजे स्वतः चालवलेली वेगळी चेनच, बंद केली तेव्हा क्रिएटर कॉईनवाले हात चोळत बसले. म्हणून कुठल्याही कंपनीच्या खासगी चेनवर टोकन काढून देतो म्हणाले तर नको म्हणा. कायद्याचं म्हणाल तर फुकट वाटणं आणि विकणं ह्यात प्रत्येक देशात फार फरक पडतो, विकायचा विचार असेल तर आधी वकील गाठा.

तर त्या साइटला माझ्याकडून पाचपैकी दीड. एक फॉर्मला, अर्धा टेस्टनेट फुकट दिल्याबद्दल. विझार्ड आणि रिमिक्सच्या जोडीला चार, एक कापला तो रिमिक्सच्या त्या लाल अक्षरांसाठी. प्यादं अजून टेस्टनेटवरच आहे, ट्रान्सफर पूर्ण बंद ठेवायचं की नाही ह्यावरून ग्रुपमध्ये जुंपलीये. माझं मत बंद ठेवायच्या बाजूने, म्हणजे मिळालेलं प्यादं त्याच माणसाकडे राहील आणि गॅसची कटकट फक्त मिंट करणाऱ्याला. कोणी असं ट्रान्सफर बंद असलेलं टोकन मेननेटवर चालवत असेल तर वॉलेट हरवलेल्या मेंबरचं काय करता तेवढं सांगा, जुनं बर्न करून नवीन पत्त्यावर मिंट करायचं हे सुचतंय पण मग बर्नचा अधिकार पण मल्टिसिगकडे द्यावा लागेल आणि ते अर्ध्या लोकांना पटत नाहीये.